माशाचा जीनोम वाचला तर पर, खवले, डोळे कुठून आले ते कळतं का? बडोद्यात जमेल असा प्रयोग हवा आहे

मांडवीकर
नमस्कार मंडळी. बडोद्यात प्राणिशास्त्राच्या एमएस्सीला बारा मुलं आहेत, त्यांचा वर्षभराचा प्रकल्प ठरवायचा आहे. एखाद्या देशी माशाचा, शक्यतो मांगूरचा, पूर्ण जीनोम (म्हणजे पेशीतला सगळा डीएनए) सिक्वेन्स करून, म्हणजे अक्षर-अक्षर वाचून, घ्यावा, अशी मुलांची इच्छा आहे. मिशा, हवेत श्वास घेण्याचं इंद्रिय, बिनखवल्यांची कातडी हे सगळं कोणत्या जनुकांमुळे आलं ते त्यातून शोधायचं. सिक्वेन्सिंग बाहेरून होईल, पैशांची सोय होईल. माझे प्रश्न दोन. जीनोम हातात आल्यावर शरीराच्या लक्षणापर्यंत जायची वाट खरंच असते का? आणि आमच्याकडे पीसीआर यंत्र (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढणारं), जेलचा संच (तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा), साधा सेंट्रिफ्यूज आणि काचेच्या वीस टाक्या आहेत, तेवढ्यात काय जमेल?

अक्षरगणित
वाट असते, पण ती एका जीनोमवरून जात नाही. एकच जीनोम, वाचलेले तुकडे सांधून कितीही उत्तम जोडला तरी त्यात 'हे मिशांचं जनुक' असं कुठे लिहिलेलं नसतं. लक्षण सापडतं ते फरकातून. त्यासाठी लक्षण असलेले आणि नसलेले, पण एकमेकांशी संकर होऊ शकणारे मासे लागतात. मांगूरमध्ये मिशा सगळ्यांनाच असतात. रोहूशी तुलना करावी, तर दोघांत कोट्यवधी फरक आहेत, त्यातला मिशांचा कोणता हे कसं ओळखणार?

शिवाय देशी मांगूरचा जीनोम झालेला आहे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना तो फुकट उतरवून घेता येईल. पैसे दुसरीकडे वापरा.

रावपुरा_२
मांगूर घेतलाच तर एक पक्कं करा. बाजारात 'मांगूर' म्हणून मिळणारा मासा बऱ्याचदा आफ्रिकी असतो, आणि त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे. आधी सीओआय जनुकाचा (प्राण्याची जात ओळखायला तेच वापरतात) साडेसहाशे बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा वाचून जात पक्की करा, मग पुढचं.

जास्वंद
फरकातून लक्षण कसं सापडतं याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण स्टिकलबॅकचं. हा थंड प्रदेशातला बोटभर मासा. समुद्रातल्या स्टिकलबॅकला पोटाखाली दोन काटे आणि अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. हिमयुग सरल्यावर, गेल्या दहा-बारा हजार वर्षांत, तो गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकला आणि बऱ्याच तळ्यांत त्याचे काटे गेले, चिलखतही उतरलं. दोन्ही रूपांचा संकर होतो, त्यामुळे नातवंडांच्या पिढीत कोणाला काटे आहेत आणि त्याच्याकडे कोणता गुणसूत्राचा तुकडा आला आहे, हे जुळवता येतं. काट्यांसाठी २००४ मध्ये बोट गेलं पिट्क्स१ या जनुकावर.

गंमत पुढे आहे. काटे नसलेल्या माशातही पिट्क्स१ धडधाकट होतं, प्रथिनात एकही बदल नाही. तुटला होता तो जनुकाजवळचा नियंत्रक तुकडा, जो फक्त मागच्या परांच्या जागी पिट्क्स१ चालू करतो. २०१० मध्ये तो तुकडा बिनकाट्याच्या माशाच्या अंड्यात पिट्क्स१ सह परत घातला, आणि काट्याची हाडं उगवली. जनुकच का तुटलं नाही? कारण तेच पिट्क्स१ जबड्याला आणि पिट्युइटरी ग्रंथीलाही लागतं. ते गेलं तर मासा जगत नाही. त्याचं एका जागेचं बटण गेलं तर मासा चांगला जगतो.

चौथी_वेलांटी
म्हणजे फक्त प्रथिनं बनवणारा भाग वाचला असता तर हे सापडलंच नसतं?

जास्वंद
नाहीच. आणि वेगवेगळ्या तळ्यांत तो तुकडा वेगवेगळ्या ठिकाणी तुटला आहे. तिथला डीएनए टीजी-टीजी असा लांबच लांब पुनरावृत्तीचा आहे, म्हणून तो मुळातच ठिसूळ. एकच लक्षण पुन्हा पुन्हा एकाच जागी का जातं, याचं निम्मं उत्तर या ठिसूळपणात आहे. उरलेलं उत्तर निवडीचं.

अक्षरगणित
चिलखताची गोष्ट मात्र उलटी आहे, मांडवीकर सर, तीही मुलांना सांगा. ईडीए जनुकाचं 'कमी पट्ट्यांचं' रूप प्रत्येक तळ्यात नव्याने तयार झालं नाही. ते समुद्रातल्या माशांत थोड्या प्रमाणात आधीपासून होतं, तळ्यात गेल्यावर निवडलं गेलं. एका माशात दोन लक्षणं, दोघांच्या वाटा वेगळ्या.

गाळ_आणि_शेवाळ
घालवणं सोपं असतं, नवं घडवणं अवघड, असं यावरून म्हणता येईल ना? समुद्रघोड्याचंही तेच. २०१६ च्या जीनोममध्ये टीबीएक्स४ जनुक सापडलंच नाही, आणि समुद्रघोड्याला पोटाचे पर नसतात. झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशात तेच जनुक तोडलं तर तिचेही पोटाचे पर गेले.

जास्वंद
'सोपं' या शब्दाला माझी हरकत आहे. मेक्सिकोच्या गुहेतला आंधळा मासा घ्या. रंग आणि डोळे दोन्ही गेले, पण सारख्या रीतीने नाही.

रंग जाण्यामागे ओका२ हे एकच जनुक. दोन वेगळ्या गुहांतल्या पांढऱ्या माशांचा संकर केला तर पिल्लंही पांढरीच होतात, कारण दोन्हीकडे तेच जनुक, वेगळ्या ठिकाणी मोडलेलं. डोळ्यांचं तसं नाही. लांबच्या दोन गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला तर काही पिल्लांना दिसायला लागतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे एका गुहेत जे बिघडलं ते दुसऱ्या गुहेत शाबूत होतं. डोळा जायला अनेक जनुकं लागतात, आणि प्रत्येक गुहेतला संच थोडा वेगळा.

त्यातही गुहेतल्या माशाच्या भ्रूणात डोळा आधी बनायला लागतो. मग भिंग मरतं आणि त्यामागोमाग डोळा खचतो. २००० मध्ये उघड्यावरच्या नदीतल्या माशाचं भिंग गुहेतल्या भ्रूणात बसवलं, तर त्या बाजूला पूर्ण डोळा वाढला. डोळा घडवायचं जवळजवळ सगळं सामान अजून जीनोममध्ये आहे. याला सोपं 'घालवणं' कसं म्हणायचं?

रावपुरा_२
नवं घडण्याचं उदाहरणही देतो, नाहीतर मुलांना वाटेल की उत्क्रांती म्हणजे नुसती मोडतोड. अंटार्क्टिकच्या समुद्राचं पाणी शून्याखाली उणे १.९ अंशांपर्यंत जातं. तिथल्या माशांच्या रक्तात बर्फाच्या कणांना चिकटून त्यांना वाढू न देणारं प्रथिन असतं. ते आलं पचनाच्या ट्रिप्सिनोजेन जनुकातून. त्यातला एक छोटा तुकडा, तीन अमिनो आम्लांचा, पुन्हा पुन्हा जोडला गेला आणि नवं प्रथिन झालं. हे १९९७ मध्ये कळलं. त्याच कुळातल्या आइसफिशने मात्र हिमोग्लोबिन गमावलं, तिचं रक्त पाण्यासारखं दिसतं. एकाच कुळात मिळकत आणि तोटा शेजारी शेजारी.

दांडियाबाजार_११
विषय थोडा बाजूचा आहे, पण आपल्या सगळ्यांच्या घरचा. झेब्राफिश हा आपल्या गंगेच्या खोऱ्यातला मासा. तिच्या 'गोल्डन' नावाच्या फिकट जातीत एसएलसी२४ए५ हे जनुक बिघडलेलं असतं, असं २००५ मध्ये सापडलं. मग माणसात तेच जनुक पाहिलं, तर त्याच्या प्रथिनात १११ व्या जागी अ‍ॅलॅनिनऐवजी थ्रिओनिन असेल तर त्वचा उजळ होते. भारतात दोन्ही रूपं आहेत. एकाच घरात एक भाऊ सावळा आणि दुसरा गोरा असतो, त्यात या जागेचाही वाटा असतो. मुलांना जीनोमचा अर्थ समजवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

चौथी_वेलांटी
जीनोम जितका मोठा तितका मासा गुंतागुंतीचा, असं असतं का?

अक्षरगणित
अजिबात नाही. फुगू या फुगणाऱ्या माशाचा जीनोम साधारण ४० कोटी बेसचा. ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा ४३ अब्ज, २०२१ मध्ये वाचला. दक्षिण अमेरिकेतल्या फुप्फुसमाशाचा ९१ अब्ज, २०२४ मध्ये. माणसाचा ३.१ अब्ज. जनुकांच्या संख्येत तसा फरक नाही. फुगलेला भाग उड्या मारत स्वतःच्या प्रती काढणाऱ्या तुकड्यांचा आहे.

महत्त्वाचं आहे ते दुप्पट होणं. हाडांच्या बहुतेक माशांच्या पूर्वजात तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी पूर्ण जीनोम दुप्पट झाला. कार्प आणि गोल्डफिश यांच्या वंशात तो पुढे आणखी एकदा झाला, म्हणून त्यांची गुणसूत्रं १००, आपल्या रोहूची ५०. दोन प्रती असल्या की एक मूळ काम सांभाळते आणि दुसरी मोडली तरी मासा जगतो. आरसा कार्प पाहिलाय का? अंगावर तुरळक, रुपयाएवढे मोठे खवले. तिथे एफजीएफआर१ जनुकाची एक प्रत मोडलेली असते, दुसरी शाबूत.

गाळ_आणि_शेवाळ
अक्षरगणित यांनी गोल्डफिशचं नाव काढलं, आणि मला वाटतं मांडवीकर सरांचा प्रयोग तिथेच आहे. पण आधी नमुन्यांबद्दल कोणी नीट लिहा. मुलं तिथेच अडतात.

रावपुरा_२
लिहितो.

काम काय आहे त्यावर नमुना ठरतो. पूर्ण जीनोमसाठी लांब वाचन करणारं तंत्र वापरायचं तर डीएनए लांब हवा, आणि त्यासाठी माशाचं रक्त सर्वांत उत्तम. माशाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे ५० मायक्रोलिटर रक्तातसुद्धा भरपूर डीएनए मिळतो. २६ नंबरची सुई, गुदपराच्या मागे मध्यरेषेवर, कण्याला टेकेपर्यंत, मग हलकेच मागे. सिरिंज ईडीटीएने (रक्त गोठू न देणारं रसायन) ओली करून घ्या. हेपरिन नको, ते पुढे पीसीआर अडवतं. रक्त जास्त घेतलं तर विरघळवल्यावर डीएनए इतका चिकट होतो की पिपेटमध्ये दोरीसारखा चढतो आणि प्रथिनं सुटत नाहीत. कमी घ्या. व्हॉर्टेक्स (नळी जोरात हलवणारं यंत्र) बंद. पिपेटची टोकं रुंद तोंडाची, नसली तर स्वच्छ ब्लेडने कापलेली.

मांगूरसारख्या बिनखवल्यांच्या माशाचा त्रास वेगळा. कातडीवरचा बुळबुळीत थर डीएनएबरोबर येतो, २६०/२३० चं गुणोत्तर (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून शुद्धता दाखवणारं) २ च्या खूप खाली जातं आणि सिक्वेन्सिंग यंत्रातली बारीक रंध्रं तुंबतात. नॅनोड्रॉप या मोजणी यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका, त्यात आरएनएही मोजला जातो. आरएनेज (आरएनए तोडणारं विकर) घाला, मग क्युबिटवर (फक्त डीएनए मोजता येणारं यंत्र) मोजा. दोन्ही आकड्यांत दुपटीचा फरक असेल तर काहीतरी मिसळलेलं आहे.

फक्त पीसीआर करायचा असेल तर एवढं काही नको. पराचा दोन मिलिमीटरचा तुकडा पुरे. ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मायक्रोलिटर, ९५ अंशांवर २० मिनिटं, थंड करून १ मोलर ट्रिस, पीएच ८, ५ मायक्रोलिटर. त्यातलं १ मायक्रोलिटर पीसीआरला. न चालण्याची दोन कारणं: तुकडा मोठा घेतला, किंवा काळा भाग घेतला. मेलॅनिन पीसीआर अडवतं, पराचा पारदर्शक भाग निवडा.

दांडियाबाजार_११
साठवणुकीचंही सांगा. फॉर्मॅलिनमधला नमुना डीएनएसाठी जवळजवळ वाया गेलेला समजावा. ९५ टक्के इथेनॉल, उतीच्या दहापट, आणि दुसऱ्या दिवशी बदलायचं, कारण उतीतलं पाणी ते पातळ करतं. बडोद्याच्या मे महिन्यात सैल झाकणाची बाटली आठवड्यात अर्धी होते. लेबल पेन्सिलने लिहून आत टाका, बाहेरची शाई इथेनॉलने पुसली जाते.

आणि कोरड्या बर्फात नमुने पाठवायचे असतील तर उत्तरायणाच्या आसपास पाठवू नका. १४ आणि १५ जानेवारीला पेटी कुठेतरी पडून राहते आणि बर्फ उडून जातो. सोमवारी पाठवा, शुक्रवारी कधीच नाही.

चौथी_वेलांटी
नदीतले मासे घेतले तर? विश्वामित्री शहरातूनच वाहते.

रावपुरा_२
मुलांना विश्वामित्रीत उतरवू नका. मगरी आहेत, आणि त्या दिसतात त्याहून जवळ असतात. मत्स्यबीज केंद्रातून किंवा दुकानातून घ्या, कुठून आणि कधी घेतले ते लिहून ठेवा.

गाळ_आणि_शेवाळ
आता गोल्डफिश. साध्या गोल्डफिशला एक शेपटी. रुकिन, ओरांडा यांना दोन, मागून पाहिलं तर उलट्या व्ही सारखी उघडलेली. बहुतेकांचा गुदपरही जोडीने. हाडांच्या माशांच्या इतिहासात शेपटी नेहमी मध्यरेषेवर एकटी आहे, इथे ती दुभंगली. २०१४ मध्ये कारण कळलं: कॉर्डिन जनुकाच्या 'ए' प्रतीत, प्रथिनाच्या १२७ व्या जागी, ग्लुटामिक आम्लाऐवजी थांब-संकेत आला आहे, म्हणजे प्रथिन तिथेच अर्धवट थांबतं. तपासलेल्या सगळ्या दुशेपटी जातींत तोच बदल आई आणि बाप दोघांकडून आलेला मिळाला.

अक्षरगणित यांचा दुप्पट होण्याचा मुद्दा इथे डोळ्यांनी दिसतो. झेब्राफिशमध्ये कॉर्डिन एकच आहे, ते मोडलं तर भ्रूणाची पाठ-पोटाची आखणीच बिघडते आणि बहुतेक भ्रूण मरतात. गोल्डफिशमध्ये 'बी' प्रत शाबूत असते, म्हणून मासा जगतो आणि फरक मुख्यतः मागच्या टोकाला उरतो. शेपटी दुभंगायला आधी जीनोम दुप्पट व्हावा लागला, आणि मग माणसाने ती हौसेने निवडून जपली.

पीसीआर, जेल आणि टाक्यांत हे सगळं बसतं. फक्त तो एक तुकडा वाढवून बाहेर सॅंगरने (एकेक तुकडा वाचायची पद्धत) वाचून घ्यायचा.

अक्षरगणित
सुंदर सुचवलंत. पण एक खड्डा मोठा आहे. 'ए' आणि 'बी' प्रती एकमेकींसारख्या आहेत. साधे प्रायमर (पीसीआर कुठून सुरू व्हायचा ते ठरवणारे छोटे डीएनए तुकडे) घेतले तर दोन्ही वाढतील, सॅंगरच्या आलेखात जागोजागी दुहेरी शिखरं येतील आणि मुलं त्याला संकरित अवस्था (आईबापांकडून वेगवेगळी रूपं आलेली) समजतील. दोन्ही क्रम शेजारी लावा. प्रायमरचं ३' (थ्री-प्राइम) टोकाचं, म्हणजे जिथून प्रत वाढत जाते तिथलं, शेवटचं अक्षर दोघींत वेगळं असलेल्या जागी ठेवा. एक प्रायमर इंट्रॉनमध्ये (जनुकातला प्रथिन न बनवणारा भाग) गेला तर आणखी चांगलं, तिथे फरक जास्त असतात. ओळखायची खूण सोपी: संकरित माशात दुहेरी शिखर फक्त त्या एका जागी हवं. दहा ठिकाणी दिसलं तर दोन्ही प्रती आल्या आहेत.

जीनोम जोडतानाही नेमकं हेच होतं. नेहमीच्या माशात बुस्कोच्या तपासणीत (अपेक्षित जनुकं जोडणीत सापडतात का ते पाहणारी) 'दुहेरी' जनुकं जास्त आली तर दोन्ही पालकांच्या प्रती वेगळ्या राहिल्या असं समजून एक काढून टाकतात. गोल्डफिशमध्ये ती डोळे झाकून काढली तर खरं 'बी' कॉर्डिनच कचऱ्यात जाईल.

जास्वंद
एक सुधारणा. एका जागेने सगळं ठरतं असं मुलांना सांगू नका. दुशेपटी जोडीच्या पिल्लांतही काही एकशेपटी निघतात, काही तीन पाकळ्यांची. बदल तोच, रूप वेगळं. शेपटी किती उघडेल हे इतर जनुकंही ठरवतात. माझ्या मते प्रकल्पाचा सर्वांत चांगला प्रश्न हाच: एकाच कॉर्डिनच्या माशांत रूपांचा फरक किती?

मांडवीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मांगूरचा बेत सोडला. वेळापत्रक असं धरतोय: डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी वीस-बावीस अंशांवर राहतं तेव्हा एकशेपटी आणि दुशेपटीचा संकर, त्यांच्या पिल्लांचा परत दुशेपटीशी संकर, शंभर पिल्लांत निम्मी-निम्मी येतात का ते पाहायचं. चालेल?

गाळ_आणि_शेवाळ
एका वर्षात दोन पिढ्या होणार नाहीत सर, गोल्डफिश वयात यायला साधारण वर्ष लागतं. या वर्षी दोन कामं करा: दुकानातल्या तीस-चाळीस माशांचं कॉर्डिन वाचणं, आणि पहिला संकर. परतीचा संकर पुढच्या तुकडीला द्या. नर ओळखायला कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या कडेवर पांढरे बारीक दाणे बघा. अंडी चिकट असतात, सुटवलेल्या नायलॉन दोरीचे झुपके टाका आणि अंडी दिसली की पालक लगेच काढा, नाहीतर खाऊन टाकतात. चार-पाच दिवसांत पिल्लं फुटतात, आणि शेपटीच्या पडद्याची दुभंग भिंगाखाली तेव्हाच दिसते. मोठी होईपर्यंत थांबू नका, मोजणी तिथेच सुरू करा. कमजोर पिल्लं आधी मरतात, मग प्रमाण चुकतं.

रावपुरा_२
गुंगीसाठी लवंगतेल, लिटरला ५० मिलिग्रॅम, पण ते पाण्यात मिसळत नाही. आधी नऊपट इथेनॉलमध्ये घोळा. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आधीच घ्या.

आणि तुकडा शेपटीचा कापू नका. शेपटी हेच तुमचं लक्षण आहे. पृष्ठपराच्या मागच्या कडेचा घ्या, आणि रांचूसारख्या पृष्ठपर नसलेल्या जातीत छातीच्या पराचा. कात्री लावण्याआधी प्रत्येक माशाचे दोन फोटो, एक वरून आणि एक मागून, शेपटी पाण्यात पसरलेली असताना. गुंगीत शेपटी मिटते आणि दोन पाकळ्या एकच दिसतात, म्हणून फोटो गुंगीच्या आधी.